कानाची जखम सुकवायची नसते

परळीच्या मोंढ्यात पोती उतरवणारा हमाल असो, नाहीतर दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारा माणूस असो, डोक्यावर टोपी नाहीतर रुमाल असतोच. टोपीने टाळू झाकली जाते, कपाळही थोडंफार झाकलं जातं. कान मात्र उघडेच राहतात. त्यातही कानाची वरची कड अशा जागी आहे, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन तिच्यावर पडत राहतं. बायकांच्या कानांवर पदर असतो, केस असतात. जगभर कानाच्या कातडीचा कॅन्सर पुरुषांमध्ये जास्त आढळतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हातले अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या देशांच्या मानाने आपल्याकडे कातडीचा कॅन्सर फार कमी. पण कमी आहे म्हणूनच तो कुणाच्या ध्यानात येत नाही आणि उशिरा ओळखला जातो. आपल्याकडे त्याची कारणंही नेहमी उन्हाचीच नसतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली ‘धोती कॅन्सर’चं वर्णन केलं होतं. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी करकचून बांधलं, की तिथली कातडी घासून आधी काळी-पांढरी, मग जाड होते आणि क्वचित तिथे कॅन्सर धरतो. भाजल्याच्या जुन्या व्रणात, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेतही तो होतो. कानावर मात्र ऊनच मुख्य. ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंग नसतो, त्यांना तर हा धोका कितीतरी अधिक आणि तोही कमी वयात.

कानावर हा कॅन्सर दोन-तीन रूपांत दिसतो. कडेवर खरखरीत खपली धरते, निघते, पुन्हा धरते, उशीवर रक्ताचा ठिपका पडतो. किंवा एखादी काळपट, चकचकीत गाठ येते आणि ती मस किंवा तीळ म्हणून सोडून दिली जाते. कानावरची जखम महिनाभरात भरली नाही, तर तिचा तुकडा काढून तपासून घ्यायलाच हवा. मलमं बदलत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

निदान झालं, की पुढचा रस्ता बहुतेकांना ठाऊक असतो. परळीहून पंचवीसएक किलोमीटरवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लोक त्याला ‘स्वाराती’ म्हणतात. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल आणि शेवटी मुंबईचं टाटा. कानावरची लहान गाठ असेल तर शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते आणि फार वेळ चालत नाही. त्यानंतरची जखम मात्र घरीच भरते. ती भरायला कधी दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने, आणि या काळात कान वाचवायचा की गमवायचा हे बरंचसं घरच्यांच्या हातात असतं.

कानाचं वेगळेपण नीट कळलं, तर पुढची सगळी काळजी आपोआप समजते. पाळी सोडली तर अख्खा कान एका लवचिक कूर्चेवर उभा आहे. दोन बोटांत कान धरून वाकवला, की कातडीच्या आत जे मऊ हाडासारखं लागतं तीच कूर्चा. तिच्यात रक्तवाहिनी नसते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं. त्या आवरणात रक्त खेळतं आणि त्यातून पाझरणाऱ्या पोषणावर कूर्चा जगते. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे पटकन उमगेल: वाडीत विहीर नाही, सगळी वाडी टँकरच्या पाण्यावर. टँकर बंद झाला, की वाडी उठली. कॅन्सर काढताना सर्जनला गाठीभोवतीची निरोगी दिसणारी कातडीही थोडी काढावी लागते, कधी हे आवरणही जातं आणि कूर्चा उघडी पडते. उघडी कूर्चा ताजी असते तेव्हा मोत्यासारखी पांढरी दिसते. ती वाळली की पिवळट-तपकिरी होते, मरते आणि मेलेल्या कूर्चेत जंतू घर करतात.

म्हणून कानाच्या जखमेला वाळू द्यायचं नाही. आपल्या घराघरातली समजूत याच्या अगदी उलटी आहे. ‘जखम उघडी ठेव, वारा लागू दे, सुकली की भरली’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. जाड खपली धरली, की घरच्यांना हायसं वाटतं. पण खपलीखाली नव्या कातडीच्या पेशींना जखमेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरकत जायचं असतं आणि त्यांना सरकायला ओलावा लागतो. खपली कोरडी असली, की त्या तिच्याखालून वाट काढत खोल जातात आणि वेळ लागतो. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या कातडीवर लहान जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. त्यानंतर जगभर जखमांवरच्या पट्ट्यांचा विचारच बदलला. आपल्याकडे तो अजून पुष्कळ घरांपर्यंत पोचलेला नाही, ही खरी अडचण आहे.

आपल्या परंपरेला हे अगदीच परकं आहे असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तुटलेला, फाटलेला कान जोडण्याच्या पंधरा रीती सांगितल्या आहेत आणि सांधल्यावर जखमेला मध-तूप लावून, वर कापूस-कापड ठेवून ती फार घट्ट नाही, फार सैल नाही अशी बांधायला सांगितली आहे. पुढे पथ्यंही आहेत: कानाला धक्का लागू देऊ नये, व्यायाम टाळावा, विस्तवाची धग घेऊ नये, जास्त बोलू नये. जबडा हलला की कानाभोवतीची कातडी ओढली जाते हे त्या वैद्यांनी पाहिलेलं असणार. याचा अर्थ आज बरणीतलं घरचं तूप जखमेवर लावावं असा नाही. ते निर्जंतुक नसतं. पण जखम ओलसर ठेवायची, झाकायची, हलू द्यायची नाही, हा विचार तेव्हाही पक्का होता.

शस्त्रक्रियेनंतरची जखम सगळ्यांची सारखी नसते. कडेवरची लहान गाठ पाचरीच्या आकारात काढून दोन्ही कडा टाक्यांनी जोडतात. कान थोडा लहान होतो, पण जखम एक-दोन आठवड्यांत मिटते. कधी शेजारची कातडी सरकवून खड्डा झाकतात. कधी कानामागची, मानेची किंवा गळपट्टीच्या हाडाजवळची कातडी काढून कानावर शिवतात. आणि कधी, विशेषतः कानाच्या वाटीसारख्या खोलगट भागात, जखम मुद्दाम उघडी सोडून आपली आपण भरू देतात. उघडी सोडलेली जखम पाहून घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी काम अर्धवट टाकलं. तसं नसतं. खोलगट जागेतली जखम अशीच छान भरते आणि व्रणही पुष्कळदा सुबक येतो, मात्र चार ते आठ आठवडे रोजची निगा लागते. काही वेळा सर्जन उघड्या कूर्चेला बारीक छिद्रं पाडतात, म्हणजे पलीकडच्या बाजूच्या रक्ताळ पेशी त्यातून वर येतात आणि त्यावर कातडी धरते. जखमेत भोकं दिसली म्हणून घाबरू नये.

पहिले एक-दोन दिवस वरची दाबपट्टी जशी बांधली तशी राहू द्यायची. भिजवायची नाही, सोडून बघायची नाही. झोपताना दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवायचं आणि दुसऱ्या कुशीवर झोपायचं. खाली वाकून बादली उचलणं, जोर लावून खोकणं, जड ओझं हे आठवडाभर टाळावं, कारण डोक्याकडे रक्ताचा दाब वाढला की मिटलेली वाहिनी पुन्हा उघडते. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्त सुटण्याचा धोका वाढतो. पण हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नये.

रक्त आलंच, तर स्वच्छ दुमडलेला गॉज किंवा धुतलेलं सुती कापड जखमेवर ठेवून घड्याळ लावून वीस मिनिटं दाबून धरावं. मध्ये उचलून बघायचं नाही. बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं. पुन्हा वीस मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तर उपजिल्हा रुग्णालय गाठावं. बाहेर रक्त दिसत नाही पण कान एका जागी तटतटून फुगलाय, निळसर झालाय, असं दिसलं तर ते आत साठलेलं रक्त असतं. ते कूर्चेचं आवरण वर उचलतं आणि कूर्चेचं पोषण तोडतं. त्याच दिवशी दाखवायला हवं, उद्यावर ढकलून चालत नाही.

पट्टी सुटल्यावर रोजचं काम सुरू होतं. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच करावं. नाहीतर साधारण रीत अशी. पातेल्यात पाणी खळखळ उकळून, झाकून गार करून घ्यावं. पट्टी करणाऱ्याने नखं कापलेली असावीत, बांगड्या वर सारून हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. रुग्णाला दाराच्या उजेडात पाटावर नाहीतर खुर्चीत बसवावं. कानाच्या भोकात व्हॅसलिन माखलेला कापसाचा बोळा हलकेच बसवावा, म्हणजे पाणी आत जात नाही. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नये. तिच्यावर पाणी सोडत दहा मिनिटं थांबावं, ती आपण होऊन सुटते. ओढून काढलेल्या पट्टीबरोबर कालची नवी कातडी निघून येते.

मग साध्या साबणाचा फेस हातावर करून गॉजच्या तुकड्याने जखम हलक्या हाताने धुवावी. जखमेवर कापूस घासू नये, त्याचे तंतू आत अडकतात. मऊ झालेली खपली सुटत असेल तर सुटू द्यावी, नखाने उकरू नये. जखमेच्या तळाशी पिवळसर, चिकट थर दिसतो, त्याला पुष्कळ जण पू समजतात. बहुधा तो भरत्या जखमेचा स्वाभाविक थर असतो. पू दाट असतो, वाहतो, त्याला वास येतो. धुतल्यावर टिपून घ्यावं आणि पांढऱ्या साध्या व्हॅसलिनचा चांगला जाड थर लावावा, इतका की जखम चमकली पाहिजे. डबीत बोट बुडवू नये. ट्यूब आणावी, किंवा उकळलेल्या चमच्याने काढून घ्यावं. त्यावर न चिकटणारी जाळीची पट्टी, वर गॉज, कागदी चिकटपट्टी. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: कानामागे गॉजची एक घडी ठेवावी, म्हणजे कान डोक्यावर चपटा दाबला जात नाही. शेवटी कानातला बोळा आठवणीने काढावा.

व्हॅसलिनवर लोकांचा विश्वास बसत नाही. एवढं मोठं ऑपरेशन आणि लावायचं काय, तर थंडीत ओठाला लावतो ते! पण १९९६ साली अमेरिकेत ९२२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात कातडीच्या लहान शस्त्रक्रियांनंतर काहींना साधं व्हॅसलिन दिलं, काहींना अँटिबायोटिक मलम. जंतुसंसर्गात ठळक फरक दिसला नाही, उलट मलमाच्या गटातल्या चौघांना त्या मलमाचीच अ‍ॅलर्जी झाली. अँटिबायोटिक मलमांची, विशेषतः निओमायसिनच्या कुळातल्या औषधांची, ही खोड जुनी आहे. कान लाल होतो, खाजतो, पाणी सुटतं, आणि संसर्ग वाढला समजून तेच मलम आणखी लावलं जातं. मेडिकलमध्ये मागून घेतलेल्या मिश्र मलमांत तर पुष्कळदा स्टेरॉइड असतं, त्याने जखम भरणं मंदावतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण तो जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतो.

हळद, चुना, राख, दगडी पाल्याचा रस, कॅप्सूल फोडून काढलेली पावडर हे सगळं आपल्या हाताशी असतं आणि आजी-आजोबांच्या मायेतून येतं. त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला. पण चुना जखमेला भाजतो, राख आणि पाल्याबरोबर मातीतले जंतू येतात, त्यात धनुर्वातही आला. आणि हळद असो वा कॅप्सूलची पावडर, जखम सुकवते, म्हणजे नेमकं नको तेच करते. आजीला गप्प करण्यापेक्षा तिच्या हाती पट्टी धुण्याचं, पाणी उकळण्याचं काम द्यावं. ती ते इतर कुणापेक्षाही नेमाने करील.

कातडी काढून शिवली असेल, तर तिच्यावर गॉजचं एक छोटं गाठोडं टाक्यांनी पक्कं बांधलेलं असतं. नवी कातडी खालच्या जागेला घट्ट टेकून राहावी, हलू नये, म्हणून ते असतं. साधारण आठवड्याने ते डॉक्टरच काढतात. तोवर ते भिजवू नये, सैल करू नये. खालून निघणारी कातडी जांभळट, कधी काळसर दिसते आणि घरच्यांचा जीव खाली-वर होतो. वरचा पापुद्रा काळा पडून गेला तरी खालची कातडी अनेकदा जिवंत असते. ती सोलायची नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि याच दिवसांत तंबाखू सर्वांत घातक. बिडी असो वा मळलेली तंबाखू, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कानाला येणारं रक्त मुळात बारीक वाहिन्यांतूनच येतं. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही हेच लागू. निदान महिनाभर तरी तंबाखू पूर्ण बंद हवी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवायला हवी.

पथ्याच्या नावाखाली उपास घडवू नये. अंडी, डाळ, भात, आंबट खाल्लं की जखमेत पू होतो याला आधार नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती मिळतात.

संसर्गाची खूण ओळखता यायला हवी. पहिल्या दोन दिवसांचं दुखणं रोज थोडं कमी होत जातं, कडेला गुलाबी रेघ असते, थोडी खाज सुटते, हे सगळं ठीक. पण कमी झालेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पुन्हा वाढलं, ठणका लागला, कान लाल, गरम आणि सुजलेला झाला, तर थांबू नये. अशा वेळी पाळीकडे बघावं. अख्खा कान लाल आणि पाळी मात्र नेहमीसारखी, तर सूज कूर्चेच्या आवरणात शिरल्याची ती मोठी खूण, कारण पाळीत कूर्चा नसतेच. कानाच्या कडेत बुगडी किंवा भिकबाळीसाठी टोचल्यावर कधीकधी जो कान सुजतो, तोही हाच प्रकार. बरेचदा यामागे स्यूडोमोनास नावाचा, ओलसर जागी आणि साठलेल्या पाण्यात वाढणारा जंतू असतो, पट्टीवर हिरवट डाग दिसतो. वरून मलम लावून तो जात नाही, त्याला नेमकं अँटिबायोटिक पोटातून किंवा शिरेतून द्यावं लागतं. उशीर झाला तर कूर्चा विरघळते आणि कान चुरमडतो. म्हणूनच हौदातलं, टाकीत बरेच दिवस साठलेलं पाणी न उकळता जखमेला लावू नये, आणि जखम भरेपर्यंत नदी-तळ्यात बुडी मारू नये.

परळीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. औष्णिक विद्युत केंद्राची राख, वीटभट्ट्या, राखेची वाहतूक यांमुळे इथल्या हवेत धूळ कायम असते, आणि उन्हाळ्यात माशा. उघड्या जखमेवर माशी बसली तर अळ्या होऊ शकतात, कानाच्या बाबतीत त्या आत भोकात शिरल्या तर फार हाल होतात. बाहेर पडताना पट्टीवरून सैल, धुतलेला सुती रुमाल घ्यावा. चष्म्याची दांडी, मास्कची दोरी, श्रवणयंत्र, हेल्मेट यातलं काहीही जखमेला टेकत असेल तर काही दिवस दुसरी सोय बघावी. दांडीला गॉज गुंडाळला तरी पुष्कळ फरक पडतो.

जखम भरल्यावर कान काही महिने बधिर लागतो, मुंग्या येतात. कातडीकडे जाणाऱ्या बारीक नसा तुटलेल्या असतात, त्या हळूहळू सावरतात. व्रण वर्षभर बदलत राहतो. तो कडक वाटला तर डॉक्टरांना विचारून महिन्याभराने बोटाने मालीश करता येते. आपल्या लोकांत व्रण वाढून गाठीसारखा फुगण्याची प्रवृत्ती जास्त आहे. तो फुगू लागला तर लवकर दाखवावा, सुरुवातीला इंजेक्शनने तो आटोक्यात येतो. उन्हात जाताना कान झाकणारा फेटा, उपरणं किंवा रुंद काठाची टोपी हवी, नुसती गांधी टोपी आता पुरत नाही.

काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल हातात घेतल्याशिवाय उपचार संपले असं मानू नये. त्यात कॅन्सरचा प्रकार कोणता आणि कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे गाठ पूर्ण निघाली का, हे लिहिलेलं असतं. कडा मोकळ्या नसतील तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारून घ्यावं. कानावरचा स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा, कॅन्सर शरीरावरच्या इतर जागांपेक्षा कानाजवळच्या आणि मानेच्या रसग्रंथींत उतरण्याची शक्यता अधिक असते आणि परत यायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो. या काळात दर काही महिन्यांनी तपासणीला जावंच, ऊसतोडीचा हंगाम आड आला तर तोडीला जिथे गेलात त्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात अहवालाची झेरॉक्स घेऊन जावं. आणि घरी महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी, कानापुढे, कानामागे, जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवून अवधाण आल्यासारखी गाठ लागते का ते बघावं. गाठ न दुखणारी असली तरी ती दाखवावी. न दुखणारी असली, तर आधी दाखवावी.